ठकूबाईच्या तुंब्यातले बी

केरोबा महाराज दहिगोंडीत आले ते कुणाच्या बोलावण्याने नव्हे. अंगावर एक छाटी, खांद्यावर घोंगडी आणि हातात अर्धी खाल्लेली काकडी, अशा थाटात ते एका चैत्रात वेशीतून आत शिरले आणि गावाच्या खालच्या अंगाला, ओढ्याकाठच्या जांभळीखाली जाऊन बसले. दोन दिवसांनी उठतील, चार दिवसांनी उठतील असे म्हणता म्हणता गावालाच त्यांची सवय झाली. पुढे लोकांनी जांभळीशेजारी कुडाच्या भिंती उभ्या केल्या, वर पाचट शाकारले आणि त्याला मठ म्हणायला सुरुवात केली. महाराज मात्र मठात कधी राहिले नाहीत. मठात त्यांची घोंगडी राहायची, ते आपले जांभळीखालीच.

दहिगोंडी हे पंचेचाळीस उंबऱ्यांचे माळ्यांचे गाव. प्रत्येक घरामागे परडे, परड्यात मांडव, मांडवावर दोडकी, कारली, पडवळ, काकडी आणि तांबडा भोपळा. मठामागेही एक परडे होते. दर गुरुवारी येईल त्याला मठात जेवण मिळे आणि त्याची भाजी या परड्यातली असे. हे परडे राखायची ठकूबाई.

ठकूबाई महाराजांकडे पहिल्यांदा आली ती रडायला. नवरा पटकीच्या साथीत गेला होता, मूलबाळ झाले नव्हते, माहेरी कुणी उरले नव्हते. ती जांभळीखाली बसून पोटभर रडली. महाराजांनी तिला उपदेश केला नाही की डोळे पूस म्हटले नाही. तिचे रडणे संपल्यावर ते उठले, मांडवावर वाळून खडखडीत झालेले एक दोडके त्यांनी तोडले आणि तिच्या ओटीत टाकले.

"हे सांभाळ," महाराज म्हणाले.

"किती दिस, महाराज?"

"मी मागेन तोवर."

भाविकहो, आपल्यासारख्याने ते दोडके कोनाड्यात ठेवले असते आणि चार दिवसांत तो ते विसरून गेला असता. ठकूबाईने त्या दोन शब्दांवर उरलेला जन्म लावला. दोडक्याचे बी तिने काढले, पेरले, वाढवले. मग महाराजांच्या परड्यातल्या पाचही वेलांचे बी ती राखू लागली. वेलावरचे पहिले उत्तम फळ ती बियांसाठी सोडायची, त्याला चिंधी बांधायची, म्हणजे चुकूनही कुणी तोडू नये. फळ पिकून वाळले की बिया धुऊन सावलीत सुपात पसरायच्या. उन्हात कधीही नाही. वाळल्या का हे पाहायला ती एक बी दाताखाली धरायची. कट्‌ करून मोडली तर वाळली, वाकली तर अजून चार दिवस सुपात. मग गोवऱ्यांची राख फडक्यातून गाळायची, त्या राखेत बिया कालवायच्या आणि कोरून वाळवलेल्या दुधी भोपळ्याच्या तुंब्यात काठोकाठ भरायच्या. आत बोटभर पोकळी राहिली तरी ती अस्वस्थ व्हायची. तोंडाला बुडख्याचे बूच ठोकून वरून शेणमातीने लिंपायचे, आणि ओल्या लिंपणात त्या त्या वेलाचे एक एक बी दाबून बसवायचे. तिला लिहिता येत नव्हते, पण तुंब्यात काय आहे हे तिला असे वाचता येई. तुंबा टांगायच्या दोरीला वर्षागणिक एक गाठ. तुंबे टांगलेले असत घराच्या उत्तरेच्या भिंतीला, जिथे ना ऊन पोहोचायचे ना चुलीची धग. पावसाळ्यात तुंबा फोडायचा नाही, मग प्राण गेला तरी बेहत्तर. हे सगळे चालू असताना तोंडाने महाराजांचे नाव.

गावात बियांचे खरे मानकरी होते सुभानराव टिळेकर. सगळ्यात मोठी बाग त्यांची, गाड्या भरून भाजी त्यांची तालुक्याला जायची. नात्याने ते ठकूबाईच्या नवऱ्याचे चुलत भाऊ. त्यांच्या देवघरात पितळेचे बारा डबे ओळीने लावलेले असत, घासून सोन्यासारखे केलेले, घट्ट झाकणांचे. त्या डब्यांत त्यांचे बी. अक्षय्य तृतीयेला गाव आळी घालायचे, म्हणजे वेलांसाठी मातीचे गोल वाफे करून त्यांत बी लावायचे, आणि ते बी सुभानरावांच्या डब्यातून न्यायचे, अशी रीत पडली होती. सुभानराव बी देत सढळ हाताने, पण दोन वाक्ये ऐकवल्याशिवाय देत नसत.

ठकूबाईच्या तुंब्यांची तर त्यांना भारी गंमत वाटायची. "आमच्या वैनींनी बियांना राख फासून गोसावी केलंय," ते पारावर सांगायचे, "आता ते बी कुठलं संसाराला लागतंय!" लोक हसत. इथवर ठीक होते. पण एकदा हसणे फार रंगले तेव्हा ते पुढचेही बोलून गेले, की जिच्या कुशीत काही रुजले नाही तिच्या हातचे मातीत काय रुजणार. ठकूबाई तेव्हा पाण्याची घागर घेऊन पारावरूनच चालली होती. तिने ऐकले. ती थांबली नाही, घागरीतले पाणीही हिंदकळले नाही. घरी जाऊन मात्र तिने त्या दिवशी चूल पेटवली नाही.

कुणीतरी हे महाराजांच्या कानावर घातले. महाराज नुसते हूं म्हणाले. संतांच्या अशा हुंकाराची धास्ती घ्यायला हवी, पण ते शहाणपण आपल्याला नेहमी उशिरा सुचते.

त्यानंतरचे वर्ष फार ओले गेले. मृगात सुरू झालेला पाऊस दिवाळी आली तरी हलेना. मांडवावरची फळे वेलावरच नासली, बियांसाठी सोडलेले एकही फळ वाळले नाही. आसपासच्या गावांचीही तीच गत. ठकूबाईच्या घराची उत्तरेची भिंत आश्विनात एका सकाळी बसली आणि तिच्याबरोबर अकरा तुंबे खाली आले. दहा फुटले. चिखलात पसरलेल्या बियांना दोन दिवसांत मोड आले आणि चार दिवसांत ते कुजले. अकरावा तुंबा तेवढा गवताच्या भाऱ्यावर पडून वाचला. लिंपणात पाच बिया, दोरीला चार गाठी. पाचही वेलांचे एकत्र भरलेले, चार वर्षांपूर्वीचे बी. ठकूबाईने तो पदराने पुसला, घरातल्या आढ्याला टांगला आणि वर पाहून हात जोडले.

इकडे सुभानरावांनीही आपल्या बियांची काळजी घेतली, पण ती त्यांच्या पद्धतीची. हवेत ओल फार, म्हणून त्यांनी डबे उघडले, बिया तांब्याच्या परातीत घातल्या, परात निखाऱ्यांवर ठेवली आणि हात भाजेपर्यंत बी तापवले. मग ते तसेच गरमागरम डब्यांत भरून झाकणे लावली आणि झाकणांच्या कडा मेणाने बंद केल्या. आता मुंगी शिरायची नाही की वारा, असे त्यांनी चार लोकांना बोलावून दाखवले. गरम बियांना बंद डब्यात घाम फुटतो, हे त्यांना कोण सांगणार? ज्याच्याकडे सगळे गाव बी मागायला येते, त्याला शिकवण्याची हिंमत कुणाला होती?

अक्षय्य तृतीयेला डबे उघडले तेव्हा कुबट वास आला. बायांनी एकमेकींकडे पाहिले, पण सुभानरावांच्या देवघरातले बी, बोलायचे कसे? सगळ्यांनी आळी घातली. आठ दिवस गेले, दहा गेले, कुठल्याही परड्यात हिरवे टोक दिसेना. बायांनी बोटांनी माती उकरून पाहिली तर आत नुसता चिकट लगदा. डब्यांत उरले होते ते पुन्हा लावले, तेही तसेच गेले. आता मात्र गावाच्या तोंडचे पाणी पळाले. पाऊस तीन आठवड्यांवर आलेला, मांडव रिकामे, आणि शेजारच्या गावांत मागावे तर तेच इकडे मागायला येत होते.

माणसाला आपली चूक दिसते, नाही असे नाही. पण ती पाहायला खाली वाकावे लागते, आणि सुभानरावांना वाकायची सवय नव्हती. त्यांना आठवले की अक्षय्य तृतीयेच्या सकाळी आपण पहिल्या आळ्यात बी टाकत होतो तेव्हा ठकूबाई बांधावरून आडवी गेली होती. विधवा बाई, त्यातून निपुत्रिक, आणि बी लावायच्या घडीला आडवी. त्यांनी हे एकदा म्हटले, दोनदा म्हटले, आणि घाबरलेल्या गावाला ते पटले. माणसे वाईट नव्हती, पण रिकाम्या परड्याकडे रोज पाहून त्यांची मने कडवट झाली होती. ठरले असे की पावसाआधी ठकूबाईने गाव सोडावे.

हे सांगायला सगळे गुरुवारी जांभळीखाली जमले. ठकूबाई एका कडेला उभी होती. जायचे कुठे, हे तिला ठाऊक नव्हते. पण गावाने जा म्हटल्यावर राहायचे कसे, हेही तिला सुचत नव्हते, म्हणून तिने सकाळीच आपली दोन लुगडी आणि तवा एका गाठोड्यात बांधला होता. सुभानराव बराच वेळ बोलले. महाराजांनी सगळे ऐकून घेतले आणि ते ठकूबाईकडे वळून म्हणाले, "ठकू, माझं बी आण."

ठकूबाईचा चेहरा उजळला. इतकी वर्षे ज्या मागणीची वाट पाहिली ती आज झाली होती. ती जवळजवळ पळतच घरी गेली आणि तुंबा घेऊन आली. महाराजांपुढे बसून तिने दगडाने लिंपण फोडले, बुडखा काढला आणि तुंबा फडक्यावर उपडा केला.

राख भुरुभुरु पडायला हवी होती. पडली ती ढेकळांनी. भिंत पडली त्या दिवशी तुंब्याला केसाएवढी चीर गेली असावी, आणि महिनाभराच्या ओलीने आपले काम केले होते. वास आला तो सुभानरावांच्या डब्यांसारखाच. ठकूबाईने एक बी उचलून दाताखाली धरली. बी वाकली.

ती त्या क्षणी गप्प राहिली असती तर कुणाला काही कळले नसते. दात तिचे, बी तिची. पण इतकी वर्षे बी सांभाळणारी बाई बियांशी खोटे कसे बोलेल?

"महाराज, बी दमटलंय," ती म्हणाली. "दाताखाली वाकतंय. हे उगवायचं न्हाई. तुमची वस्तू मला सांभाळता आली न्हाई."

सुभानराव मोठ्याने हसले. आता आणखी काय बघायचे राहिले, असे ते गावाला विचारू लागले. महाराजांनी त्यांना हाताने थांबवले. ठकूबाईकडे पाहून ते म्हणाले, "मी सांभाळायला सांगितलं होतं. उगवायला सांगितलं नव्हतं. उगवायचं काम तुझं नाही." मग गावाकडे वळून त्यांनी सांगितले, की यातल्या पंचवीस बिया, प्रत्येक वेलाच्या पाच, ओल्या फडक्यात बांधा. तीन दिवसांत मोड आले तर ठकू इथेच राहील. नाही आले तर ती जाईल, आणि तिच्याबरोबर मीही जाईन.

हे ऐकून माणसे चपापली. सुभानरावांनी मात्र शंका काढली, की फडके मठात राहणार, मग आतले बी बदलले जाणार नाही कशावरून?

महाराजांना राग आला नाही. उलट त्यांना मजाच वाटली. "खरं आहे तुझं," ते म्हणाले. "मग सुभान्या, तूच निवड, तूच बांध आणि तूच सांभाळ. पोटाशी बांध. बियांना ऊब लागते. तीन दिवस सोडू नको आणि वाळू देऊ नको."

आता नाही म्हणायची सोय उरली नव्हती. सुभानरावांनी आपल्या हाताने पंचवीस बिया निवडल्या, त्याही त्यातल्या त्यात मऊ, ओल्या फडक्यात बांधल्या आणि सदरा वर करून ती पुरचुंडी कमरेच्या करदोट्याला अडकवून पोटाशी घट्ट आवळली. काही बाया तोंडाला पदर लावून हसल्या. सुभानरावांच्या पत्नी कोंडाबाई तर पदरही न लावता हसल्या.

घरी आल्यावर सुभानराव बाजेवर धपकन बसायला गेले तशा कोंडाबाई ओरडल्या, "जपून बसा की! सहा लेकरं मी पोटाशी वागवली, तुमाला तीन दिस जड झाले?" सुभानराव गुरगुरले, पण हळूच बसले. दर दोन घटकांनी फडके ओले करायचे, वाकताना ते दबू द्यायचे नाही, जेवताना पोट आत ओढायचे. बैलाने शिंग हलवले तर हात आधी पोटावर जायचा. मोटेवरची माणसे गालात हसत होती, पण समोर बोलायची कुणाची छाती नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी पुरचुंडीतून वास यायला लागला. आंबूस, कुजका, डब्यांतून आला होता तोच. सुभानराव मनातून सुखावले. आता हे पोटाशी बाळगण्यात अर्थ नव्हता. ते तडक जांभळीकडे निघाले, कुजलेले बी महाराजांच्या पुढ्यात टाकून मोकळे व्हायला.

जांभळीखाली महाराज झोपले होते. जे महाराज थंडीवाऱ्यात कधी शिंकले नाहीत ते घोंगडीत मुटकुळे करून पडले होते. अंगातून पाण्याच्या धारा लागलेल्या, छाटी चिंब, आणि अंग असे तापलेले की वीतभर अंतरावरूनही धग कळावी. ठकूबाई उशाशी बसून कपाळावर ओली पट्टी ठेवत होती. तिने सांगितले, की काल तुम्ही बी बांधून घरी गेलात आणि थोड्याच वेळात महाराजांना हुडहुडी भरली. तेव्हापासून असा घाम येतोय, आणि घामाला कसला वास येतोय बघा.

सुभानराव वाकले. वास आंबूस होता, कुजका होता. क्षणभर त्यांना काही कळेना. मग त्यांनी सदऱ्यात हात घालून पुरचुंडी नाकाशी नेली. तिला कसलाही वास नव्हता. ओल्या स्वच्छ कापडाचा असतो तेवढाच.

ठकूबाई महाराजांच्या पायाशी सरकली. तिला बियांमधले कळत होते, त्यामुळे हेही कळले. "महाराज, ही ओल तुमी कशाला घेता अंगावर?" ती रडत म्हणाली. "मी जाते गाव सोडून. गाठोडं बांधलंय मी. तुमी बरे व्हा."

महाराजांनी डोळे उघडले नाहीत. "तीन दिवस म्हटलं होतं ना?" एवढेच ते म्हणाले, आणि कूस बदलली.

सुभानराव परत फिरले. येताना तरातरा आले होते, जाताना पावले जपून टाकीत होते. त्या दिवशी ते बागेत गेले नाहीत. ओसरीवर पोटावर हात ठेवून बसून राहिले आणि आपण होऊन फडके ओले करीत राहिले. संध्याकाळी दिवेलागणीला त्यांच्या ध्यानात आले, की आपण मनातल्या मनात कसला तरी धावा करतो आहोत, आणि तो बी उगवावे म्हणून. बी उगवले तर आपली फजिती होणार, हे त्यांना कळत होते. तरी धावा थांबेना. खरा चमत्कार कुठला म्हणाल तर मी हाच म्हणेन. बियांना मोड फुटणे ही देवाच्या राज्यात रोजची गोष्ट आहे.

तिसऱ्या दिवशी सकाळी ते दात घासत असताना पोटाला काहीतरी बारीक टोचले. मग आणखी एका जागी. सुभानरावांनी गाठ सोडली. फडक्यात पंचवीस बिया होत्या आणि पंचवीसही बियांनी पांढरीशुभ्र टोके बाहेर काढली होती. जे कारल्याचे बी आठ दिवस डोळा उघडत नाही, त्यानेही. दोन टोके फडक्याच्या विणीतून आरपार गेली होती.

ज्यांना गावाने कधी घाईने चालतानाही पाहिले नव्हते, ते सुभानराव टिळेकर त्या सकाळी बोडक्या डोक्याने, फडके दोन्ही तळहातांवर धरून, गावातून पळत गेले. त्यांच्यामागे कोंडाबाई, आणि त्यांच्यामागे जो जो दिसेल तो.

जांभळीखाली महाराज उठून बसले होते. ताप पहाटेच उतरला होता. चेहरा थोडा ओढलेला होता, पण डोळे हसत होते, आणि ते ठकूबाईपाशी पेज मागत होते, मीठ जरा जास्त घाल असे सांगत होते. सुभानराव आले ते महाराजांना सोडून थेट ठकूबाईपुढे बसले आणि त्यांनी फडके उघडले.

ठकूबाईने करंगळीने एक मोड हलकेच स्पर्शून पाहिला, मग दुसरा. पंचवीसही मोजून झाल्यावर तिने जो सुस्कारा सोडला तो सगळ्या जमलेल्या गावाने ऐकला. कितीतरी दिवसांनी तिचा जीव भांड्यात पडला होता, आणि खरे सांगायचे तर गावाचाही. आपण एका गरीब बाईला घालवायला निघालो होतो ही बोच प्रत्येकाला आतून लागून राहिली होती. ती बोच निघाल्याबरोबर माणसे एकमेकांशी भराभरा बोलू लागली.

"आता तुंब्यातलं बघ," महाराज पेज फुंकत म्हणाले.

उरलेले बी राखेसकट ठकूबाईने त्याच दिवशी तुंब्यात परत भरले होते, आणि तीन दिवस तुंबा मठाच्या कोपऱ्यात तसाच पडून होता. ठकूबाईने तो फडक्यावर पुन्हा उपडा केला. राख चाळलेल्या पिठासारखी भुरुभुरु खाली आली आणि तिच्यातून बिया खळखळत निघाल्या. तिने एक बी दाताखाली धरली. कट्‌. तो बारीक आवाज ऐकून पुढच्या रांगेतल्या बाया हसल्या आणि त्यांनी डोळ्यांना पदर लावले.

कुणी म्हणेल, वरच्या थराची राख ओली झाली असेल, आतले बी कोरडेच राहिले असेल, राखेचा गुणच तसा. असेल. राखेचा गुण आहेच, म्हणून तर ठकूबाई ती फडक्याने गाळून घ्यायची. पण महाराजांच्या अंगाला जो वास येत होता तो ज्यांनी घेतला त्यांना ही शंका आली नाही, आणि सुभानरावांना तर मुळीच आली नाही.

त्यांनी महाराजांच्या पायांवर डोके ठेवायला हात पुढे केले तसे महाराजांनी पाय आखडून घेतले. "मला कशाला? मला नुसता ताप आला होता," ते म्हणाले. "ऊन चढायच्या आत आळी घाला." आणि ते पुन्हा पेजेकडे वळले.

बी सगळ्यांना वाटायचे ठरले. तेव्हा कोंडाबाई पुढे झाल्या आणि त्यांनी ठकूबाईचा हात धरला. बी नुसते देऊ नका, आमच्या मातीत तुमच्या हाताने लावा, असे त्या म्हणाल्या. ठकूबाई मागे सरली. विधवेने आळ्यात पहिले बी टाकायचे नसते, हे तिला लहानपणापासून सांगितलेले. पण कोंडाबाईंनी हात सोडला नाही, आणि बाकीच्या बायाही आमच्याकडे आधी, आमच्याकडे आधी करू लागल्या. मग ती निघाली. एकेका परड्यात जायची, आळ्यात बोटाने खळगा करायची, बी आडवे ठेवायची, महाराजांचे नाव घ्यायची आणि माती लोटायची. कुणी तिला ताक दिले, कुणी गुळाचा खडा दिला. उन्हे डोक्यावर येईपर्यंत चव्वेचाळीस परडी झाली. ज्या घरांतून आदल्या आठवड्यात तिच्या जाण्याबद्दल बोलणे झाले होते, त्या घरांतल्या सासवा आता तिला पाट मांडून बसवत होत्या.

शेवटचे परडे सुभानरावांचे. तिथे आळे तयार होते. कोंडाबाईंनी माती भुसभुशीत करून पाणी शिंपडून ठेवले होते. ठकूबाईने आधी ते मोड आलेले पंचवीस बी एकेक करून लावले. ते होईपर्यंत सुभानराव बाजूला उभे होते. गावातले पुष्कळ लोक मागोमाग आलेले, बांधावर उभे.

"वैनी," सुभानराव म्हणाले, "माझं बी का मेलं?"

ठकूबाईने मातीतून हात काढला आणि जरा विचार करून विचारले, "डबा लावताना बी गार झालं होतं का, भावजी?"

"न्हाई. हात भाजत होता."

"मग आत घाम सुटला असंल त्याला," ती हळूच म्हणाली. "सावलीत गार हुस्तोवर थांबायचं असतं."

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तापलेल्या बियांबद्दल तिला खरोखरच वाईट वाटले होते. सुभानराव बांधाकडे वळले आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, की गावाचे बी मी मारले. माझ्या डब्यांनी मारले. ही आडवी गेली म्हणून नव्हे. ते मला तेव्हाही आतून ठाऊक होते, पण मला ते बोलवले नाही. आणि पारावर मी हिच्याबद्दल जे बोललो होतो, ते तुम्ही सगळ्यांनी ऐकले आहे.

एवढे बोलून तो उंचापुरा माणूस ओल्या मातीत गुडघे टेकून बसला आणि त्याने ठकूबाईच्या पायांवर डोके ठेवले.

"वैनी, गाव सोडून जाऊ नका," ते म्हणाले.

ठकूबाई गोंधळली. तिच्या पायांवर आजवर कुणी डोके ठेवले नव्हते. हात लावून त्यांना उठवावे तर हात मातीने भरलेले. शेवटी तशाच मातकट हातांनी तिने त्यांच्या खांद्याला धरले.

"उठा, भावजी," ती म्हणाली. "आता मी कुठं जाणार? पंचेचाळीस परड्यांत पेरून बसलेय. पाणी कोण घालंल?"

बांधावरचे लोक हसले, सुभानरावही रडता रडता हसले, आणि उठून ओढ्यावरून पहिली घागर त्यांनीच भरून आणली.